इंगळेकाकांचे कान

माझ्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं असलं की आधी कपड्यांचं कपाट सताड उघडावं लागतं. मग पलंगावरची गादी भिंतीला उभी करायची, पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की स्कूटीची किल्ली त्याच्या आत ठेवायची, म्हणजे बाहेर पडताना तो पुन्हा चालू करायला विसरत नाही. एवढं सगळं झालं की माइकला हात लावायचा. हा क्रम मला मोताळ्याच्या मधुकर इंगळेंनी लावून दिला. मागच्या हिवाळ्यात ते नागपूरला वारले. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. कपाटापासून केलेली त्यांना चालली असती.

मी बुलढाण्याला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. अमरावतीला होस्टेलवर असताना गिटार शिकले, चार गाणी स्वतःची लिहिली, आणि ती नीट रेकॉर्ड व्हावीत एवढीच हौस होती. व्हिडिओ पाहून पाहून एक कंडेन्सर माइक मागवला. चांगला होता, सगळे म्हणत होते. पहिलं गाणं रेकॉर्ड केलं आणि ऐकलं, तर त्यात शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, गच्चीवरच्या टाकीत पडणारं पाणी आणि कोपऱ्यावर हॉर्न वाजवणारा टेम्पो हे सगळं स्वच्छ होतं. माझा आवाज तेवढा विहिरीतून आल्यासारखा. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, "मोताळ्याला इंगळे साउंडवाले आहेत, त्यांना दाखवा."

आठवडी बाजाराच्या मैदानामागे एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. भिंतीवर खिळ्यांना भोंगे टांगलेले, खाली लाकडी खोक्यांवर जुने अ‍ॅम्प्लिफायर. आणि टेबलावर एक मोठा स्टीलचा डबा, पापड ठेवतात तसला. त्या डब्यात त्यांचे माइक असत. प्रत्येक माइकला काकूंनी शिवलेलं टोपडं, तान्ह्या मुलाला घालतात तसं, आणि तळाशी दमट हवा ओढून घ्यायला तांदळाची पुरचुंडी. तांदूळ दर पंधरा दिवसांनी बदलायचे. काढलेल्या तांदळाची खिचडी होते, असं काकूंनी मला नंतर हसत हसत सांगितलं.

साठी ओलांडलेला, उंच, जरा वाकलेला माणूस. पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर. मी माझा माइक खोक्यातून काढून समोर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मॅडम, घरात गोधड्या किती हायेत?"

"असतील चार-पाच. का?"

"अन् कपाट? लाकडाचं का लोखंडाचं?"

मला वाटलं, यांचा काहीतरी घोटाळा होतोय. मी म्हटलं, "काका, माइक बदलायचा की नाही, एवढंच विचारायला आले आहे."

"ते मंग पाहू. आधी खोली, मंग मानूस, मंग माइक. तुमी उलट्या बाजूनं आल्या."

रविवारी ते मोपेडवर घरी आले. चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न घेता हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. मान तिरकी करून ऐकलं. "ही खोली ओरडते," म्हणाले. मग स्वयंपाकघर, जिना, मागची खोली, सगळीकडे टाळ्या. माझ्या सासूबाईंना वाटलं, कुणीतरी वास्तुशांतीचं बघायला आलं आहे. झोपायच्या खोलीत त्यांनी कपाट उघडलं, साड्यांच्या आणि शर्टांच्या पुढ्यात उभं राहून टाळी वाजवली आणि पहिल्यांदा हसले. "अथी बसा. हे कपडे आवाज पिऊन घेतात. वापस येऊ देत नाईत."

टाळी वाजवायची ही सवय त्यांना सगळीकडे होती. बँकेत, दवाखान्यात, कुणाच्या नव्या घराच्या वास्तूला गेले तरीही. काकू म्हणत, "मी यांच्यासंगं कुटंच जात नाई. लोक वळून पाहतात."

त्या दिवशी त्यांनी तीन माइक मांडले. माझा नवाकोरा, त्यांचा पेन्सिलीसारखा एक बारीक, आणि जाळीला पोचा पडलेला एक जुना, कव्वालीच्या कार्यक्रमात हातात धरतात तसला. 'हॅलो, माइक टेस्टिंग' हे त्यांना अजिबात खपत नसे. त्यांचं स्वतःचं एक वाक्य होतं: "सासूच्या शेतात शेंगा सोलल्या, फाटक्या पोत्यात पापड भरले." पहिल्या अर्ध्यात स आणि श किती टोचतात ते कळे, दुसऱ्या अर्ध्यात प आणि फ माइकवर किती आदळतात ते. ते वाक्य मला तिन्ही माइकांवर म्हणायला लावलं, मग एकच कडवं तीनदा गायला लावलं, आणि कोणता कुठला ते न सांगता क्रम बदलून ऐकवलं.

"कोनता बरा वाटला?"

"दुसरा. अगदी माझ्याजवळ बसून कुणीतरी गातंय असं वाटलं."

त्यांनी पोचा पडलेला तो जुना माइक उचलून दाखवला. माझा चेहरा पडला असावा. त्या नव्या माइकसाठी मी सहा महिने वाट पाहिली होती.

"वाईट नका वाटून घेऊ. तुमचा आवाज मुळात बारीक, धारेचा हाये. तुमचा माइक लय तिखट कानाचा, तो त्या धारेले अजून धार लावते. अन् घरातलं सगळं ऐकते, शेजारचंबी. हा म्हातारा जरा जाड कानाचा हाये. तोंडापुढचं तेवढं ऐकते. तुमाले हाच पाह्यजे."

"मग माझा माइक वाया गेला?"

"वाया काऊन? तो गिटारले लावा."

मग त्यांनी मला गिटार घेऊन बसवलं. मी माइक गिटारच्या भोकासमोर धरला होता. त्यांनी तो हलकेच बाजूला सरकवला, जिथे गिटारची मान धडाला लागते तिथे, एक वीत आणि वर चार बोटं अंतर ठेवून. "भोकासमोर नुसती घुमन असते. तार इथं बोलते." गाताना आणि वाजवताना एकदम रेकॉर्ड करायचं असेल तर एक माइक वर तोंडाकडे, एक खाली तारांकडे, आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ करायची. "नाईतर दोघं बी एकच गोठ सांगतात, एक जरा आधी, एक जरा मंग. ऐकनाऱ्याले भांडन वाटते." जाताना स्वतःचा तो जुना माइक टोपड्यासकट माझ्याकडे ठेवून गेले. नवं काही विकत घेऊ नका, हे दारातून दोनदा बजावलं.

त्यांना दोन गोष्टींचा मनापासून राग होता. माइकवर बोटाने टकटक करणारा माणूस आणि माइकमध्ये फुंकणारा माणूस. वक्ता कितीही मोठा असो, त्याने फुंकर मारली की काका मंचाच्या बाजूने शांतपणे सांगत, "साहेब, तो चुलीतला निखारा नाई." आवाज चढवताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

तरुणपणी एका गावात मोठ्या जमीनदाराच्या घरच्या लग्नाला ते भोंगे लावायला गेले होते. सकाळपासून मांडवात राबले. चहाची वेळ झाली, तेव्हा सगळ्यांना कपबशा आल्या आणि यांना मांडवाबाहेर, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या एका वेगळ्या कपातून चहा. इंगळे कोण आहेत ते गावाला माहीत होतं. हा प्रसंग त्यांनी मला दुकानात सोल्डरिंग करता करता सांगितला, मान वर न करता.

"मंग तुम्ही काय केलं?"

"काई नाई. भांडलो नाई, बोललो नाई. वायर गुंडाळायले लागलो."

मंगलाष्टकांना अर्धा तास उरला होता. लोक विनवायला आले, दमात घ्यायला आले. हे वायर गुंडाळतच राहिले. शेवटी नवऱ्या मुलाचे आजोबा काठी टेकत स्वतः आले, हातात घरातली कपबशी. "घे बाबू, चहा घे. अन् लाव ते." काकांनी उभ्याउभ्या चहा प्यायला, कपबशी त्यांच्याच हातात परत दिली आणि वायर पुन्हा सोडली. "वाजवलं बी चांगलं त्या दिवशी," एवढं म्हणून ते पुढच्या जोडणीकडे वळले.

दुकान नंतर नंतर फारसं चालत नव्हतं. मोठाले बॉक्स घेऊन फिरणारी नवी मंडळी आली होती, आणि काकांना तो दणदणाट मानवत नव्हता. पण घरी बसून गाणं, कविता, आजोबांच्या आठवणी असं काहीबाही रेकॉर्ड करू पाहणारे लोक त्यांच्याकडे येऊ लागले होते. त्यांना ते काम फार आवडे. त्यातूनच देऊळघाटच्या गयाबाईंचं प्रकरण आलं.

गयाबाई आणि त्यांचे यजमान जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम करायचे. भोंगे बहुतेक वेळा काकांचेच असत. यजमान गेल्यावर गयाबाई फक्त घरात गायच्या. मुलगी संगीता आरोग्य केंद्रात नर्स होती. नर्सिंगच्या होस्टेलवर तीही माझ्यासारखीच गिटार शिकली होती. गयाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली आणि अकोल्याला ऑपरेशन ठरलं. आवाजाची शीर गाठीला चिकटून जाते, नंतर आवाज कसा राहील ते सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं. इतक्या वर्षांच्या गाण्याचं एकही धड रेकॉर्डिंग घरात नव्हतं. संगीता काकांकडे आली. ऑपरेशनला दहा दिवस होते.

काका एकटेच देऊळघाटला जाऊन आठ गाणी रेकॉर्ड करून आले. फार खुशीत होते. पेन ड्राइव्ह माझ्याकडे दिला, "कॉम्प्युटरवर जरा साफसूफ करून द्या. लय गोड झालं हाये."

मी हेडफोन लावला. आवाज खरंच गोड होता, भरदार, मातीच्या मडक्यासारखा. आणि त्या आवाजाच्या वर, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, एक बारीक शिट्टी. डास कानाशी यावा तशी. आठही गाण्यांत. काढून पाहिली, तर तिच्याबरोबर गयाबाईंच्या आवाजाची चकाकीही निघून जायची. दोन दिवस मी तेच करत बसले. मला वाटलं, काकांनी ऐकली असणार, सोडून दिली असणार. मग लक्षात आलं की सोडून देणारा माणूस हा नव्हे.

तिसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मोताळ्याला गेले. लॅपटॉप उघडला.

"काका, मागे एक शिट्टी आहे. चार्जरची असेल बहुतेक."

"कुटं?" त्यांनी हेडफोन लावला. डोळे मिटून ऐकलं. "नाई वो मॅडम."

"आत्ताही आहे."

"आता?"

"हो."

त्यांनी आवाज वाढवला. इतका वाढवला की ती शिट्टी मला त्यांच्या कानावरच्या हेडफोनमधून समोर बसून ऐकू येत होती. "आता बी हाये?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट घडी घालून टेबलावर ठेवली. ते समोरच्या भोंग्यांकडे पाहत राहिले. चाळीस वर्षं ते कार्यक्रमात भोंग्याच्या शेजारी उभे राहायचे, लाइन कुठे तुटली तर पटकन कळावं म्हणून.

"लॅपटॉपची बॅटरी बसली होती," ते शेवटी म्हणाले. "चार्जर लावला म्या. लावाले नको होता, मले माहीत होतं. पन ऐकलं तं काईच नव्हतं. म्हनलं, चांगला चार्जर हाये."

काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मी निघाले तेव्हा ते शटरपर्यंत आले.

"ऑपरेशन सोमवारी हाये. मधी रविवार हाये," ते म्हणाले. "मी माइक लावतो. कान तुमी आना."

रविवारी सकाळी आम्ही देऊळघाटला पोचलो. दहा वाजता लाइन जाते, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. लाइन गेली की पिठाची चक्की बंद, मोटारी बंद, घरोघरचे पंखे बंद. सगळं गाव वैतागायचं त्या वेळेला, काका मात्र तिची वाट पाहत बसले होते. रेकॉर्डर बॅटरीवरचा आणला होता. मातीच्या भिंतींची आतली खोली, दोरीवर वाकळी टांगलेल्या. त्यांनी टाळी वाजवली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी ऐकलं. "घुमत नाही," मी म्हटलं. मला त्यांनी असं पहिल्यांदाच विचारलं होतं.

मागच्या वेळी गयाबाई माइक हातात धरून गायल्या होत्या. कार्यक्रमाची सवय. तान आली की हात लांब जायचा, आवाज मागेपुढे व्हायचा, आणि माइक गिटारपाशी जाऊन परत यायचा. या वेळी काकांनी माझा तो तिखट कानाचा कंडेन्सर मागून घेतला. मी म्हटलं, "काका, तुम्ही तर म्हणाला होता..."

"ते तुमच्या घरी, तुमच्या आवाजाले. हिचा आवाज जाड हाये, खोली मुकी हाये, गाव बंद हाये. आज याले सगळं ऐकू द्या."

तो त्यांनी गयाबाईंच्या कपाळाच्या उंचीवर, हातभर लांब उभा केला. बारीक माइक संगीताच्या गिटारला, त्याच जागी, एक वीत चार बोटं. गयाबाईंनी गायला तोंड उघडलं आणि थांबल्या. रिकामे हात मांडीवर चुळबुळत होते.

"मधुकर, हातात माइक नसला तं मले गाताच येत नाई रे."

काकांनी काही न बोलता पिशवीतून तिसरा एक माइक काढला, त्याची वायर गयाबाईंच्या मागे चटईखाली सरकवली आणि तो त्यांच्या हातात दिला. वायरचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. ते फक्त मला दिसत होतं.

गयाबाई गायल्या. हेडफोन माझ्या कानांवर होता आणि काका समोर भिंतीला टेकून माझ्या चेहऱ्याकडे एकटक पाहत होते. एकदा दूर कुठे ट्रॅक्टर सुरू झाला, मी भुवया उंचावल्या, त्यांनी लगेच हात वर करून गाणं थांबवलं. एकदा संगीताची बांगडी गिटारला लागली. तिने बांगड्या काढून ठेवल्या. पाचव्या गाण्याला, यजमानांबरोबर म्हणायच्या त्या गाण्याला, गयाबाईंनी यजमानांच्या ओळींची जागा रिकामी सोडली. तिथे फक्त गिटार वाजत राहिली. मी काकांकडे पाहिलं. थांबवू का, असं त्यांनी डोळ्यांनी विचारलं. मी मानेनेच नको म्हटलं.

लाइन यायच्या आत आठही गाणी झाली. सामान बांधताना गयाबाईंनी हातातला माइक परत दिला.

"बंद होता हा," त्या म्हणाल्या. "मले का समजत नाई?"

काका ओशाळले. "मंग बोलली काऊन नाईस?"

"हात भरेल होता. तेवढं पुरे झालं."

ऑपरेशन नीट पार पडलं. आवाज गेला नाही, पण खाली उतरला, जरा फाटला. वरचे सूर आता लागत नाहीत. संगीता सांगते, त्या रोज दुपारी ते रेकॉर्डिंग लावतात आणि ऐकताना मध्येच म्हणतात, "ही बाई चांगली गाते वं."

त्यानंतर मी आणि काकू मिळून काकांना बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तपासणीच्या काचेच्या केबिनमध्ये शिरताच त्यांनी टाळी वाजवली आणि आतल्या मुलीला सांगितलं, "खोली चांगली बनवली." ऐकू आलं की बटण दाबायचं होतं. बराच वेळ त्यांनी बटण दाबलंच नाही. बाहेरून मी पाहत होते, ते डोळे मिटून बसले होते, अंगठा बटणावर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. नंतर डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ बरी होती, उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, धाडकन खाली गेलेली. काकांनी तो कागद हातात घेतला.

"हे तं इक्वलायझर हाये," ते म्हणाले. "माहं ट्रेबल कोनी कमी केलं?"

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. मोताळ्याला परतताना गाडीत मागे बसून ते कागद पुन्हा पुन्हा पाहत होते. "किती वर्सांपासून असंन हे," एकदाच म्हणाले. "अन् मी लोकायचे माइक पसंत करून राह्यलो होतो." मी म्हटलं, "काका, माझा माइक तुम्ही निवडला तो बरोबरच होता." त्यावर ते म्हणाले, "तो तुमी निवडला. म्या फक्त नाव झाकलं होतं."

दुकान त्यांनी बंद केलं. माइक एकेक करून वाटले. बारीक माइक संगीताला गेला, टोपड्यासकट. मुलगा नागपूरला नोकरीला होता, त्याने दोघांनाही तिकडे बोलावून घेतलं. निघण्याआधी कानाची यंत्रंही त्यानेच आणून दिली. पंधरा दिवस काकांनी त्या यंत्रांबद्दल मला फोनवर तक्रारी केल्या. पेपर उलटला तरी पत्रे वाजल्यासारखं वाटतं, काकू भाजी चिरते ते डोक्यात चिरल्यासारखं वाटतं, आणि यंत्र बनवणाऱ्याने खोलीचा काही विचारच केलेला नाही.

ते निघाले त्या दिवशी मी बुलढाण्याच्या स्टँडवर गेले होते. नागपूरची गाडी लागलेली. काकूंनी माझ्यासाठी मेथीचे लाडू दिले. काका खिडकीशी बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानांत दोन्ही यंत्रं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तसं त्यांनी तोंड वाकडं केलं. एक यंत्र काढलं, मग दुसरं. रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली आणि खिसा वरून थोपटला. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. शेजारी काकू काहीतरी सांगत होत्या, बहुधा पिशव्यांचं, आणि ते प्रत्येक वाक्याला 'हाव, हाव' करत मान डोलावत होते.

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चालत गेले.

"काका, पोचल्यावर फोन करा."

त्या घरघरीत त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात खिडकीबाहेर काढला.

"हाव," म्हणाले.